बांगड्यांच्या वरचं नाव

कुंदाचं पत्र आलं तेव्हा बेबाबाई अंगणात उडीद पाखडत होती. पत्र मसकतचं, निळं, पातळ, फुंकर मारली तर उडून जाईल असं. सून लता दारातच उभी राहून वाचायला लागली अन् अर्ध्यात थांबली.

"वाच ना व," बेबाबाई म्हणाली. "चांगलं असो नाहीतर वाईट, पोटात ठेवून काय होतं?"

चांगलंही होतं अन् भीतीचंही. कुंदाला पुन्हा दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले अन् दोनदा रिकामे झाले. या खेपेला डॉक्टरीणबाईने तिला खाटेवरून उतरू नको म्हटलं होतं, मग विमानात कुठली बसते? पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आपली रीत, पण पोर माहेरी येऊ शकत नव्हती. खाली कुंदाने लिहिलं होतं, 'दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी तारीख आहे. हे कामावर जातात, मी दिवसभर एकटी. माय, तू ये. तू जवळ असली तर हे टिकेल असं मला वाटतं.'

बेबाबाई तोवर जामनेरच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. जळगावला चारदा, भुसावळला लग्नाला, एकदा शिर्डीला. पण सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "मी जाते."

तिचा मुलगा रतिलाल वरणगावच्या कारखान्यात कारकून होता. कागदपत्रांतलं त्याला घरात सगळ्यांत जास्त कळायचं, म्हणजे निदान तो तसं म्हणायचा. तो म्हणाला, "माय, जायचं म्हणजे आधी पासपोर्ट लागतो."

"मग आण की."

"बाजारातून मेथी आणतो तसा मिळत नाही तो. मुंबईहून येतो. तीन-चार महिने लागतात."

श्रावण अर्धा गेला होता. बेबाबाईने बोटांवर महिने मोजले. बोटं कमी पडली नाहीत, महिनेच कमी पडले.

जळगावला कलेक्टर कचेरीसमोरच्या लिंबाखाली गफूरभाई टाइपरायटर घेऊन बसायचे. मृत्युपत्रापासून बसच्या पासापर्यंत सगळं टाइप करून द्यायचे. पांढरी दाढी, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा. रतिलाल, लता अन् बेबाबाई तिघं त्यांच्या समोरच्या बाकावर जाऊन बसली. बेबाबाईचा नवरा लोटनआबा आला नव्हता. केळीच्या बागेला पाणी द्यायचं होतं, अन् कचेरी म्हटलं की त्याचं पोट बिघडायचं.

गफूरभाईंनी मसकतच्या दवाखान्याचा कागद वरून खालून पाहिला. "हा जोडू. तातडीचं लिहू. पोलिसांची चौकशी लवकर झाली तर दिवाळीआधी हातात येईल. पण अक्का, एकही गोष्ट चुकीची लिहायची नाही. चूक निघाली की कागद परत. कागद परत आला की तुमच्या नातवाचं बारसं तुम्हाला पत्रातच वाचावं लागेल."

नाव झालं, गाव झालं, अंदाजे जन्मसाल झालं. मग गफूरभाईंनी विचारलं, "अंगावर ओळखीची खूण? तीळ, व्रण, काही?"

बेबाबाईचं अंग वांग्यासारखं गुळगुळीत. ना तीळ, ना भाजल्याचा डाग. रतिलाल तिच्या तोंडाकडे पाहायला लागला. तेवढ्यात लता, बिचारी मदतीला गेली, "आत्याबाईंच्या हाताला गोंदलेलं आहे की! बांगड्यांच्या वर." अन् तिने सासूचा डावा हात धरून बांगड्या खाली सारल्या.

तीस-बत्तीस वर्षांत तिथं ऊन लागलं नसेल. रतिलाल लहान असताना एकदा त्याने त्या हिरव्या अक्षरांवर बोट ठेवलं होतं, "माय, हे काय?" तेव्हा ती म्हणाली होती, "देवाचं नाव." पोरगा वाचायला शिकला तोवर चोळीची बाही कोपराखाली आली होती अन् बांगड्या डझनाच्या झाल्या होत्या. बाईच्या हातातल्या बांगड्या कोण मोजतं?

गफूरभाईंनी चष्मा वर केला अन् मोठ्याने वाचलं, "झुलाल."

टाइपरायटर गप्प झाला. आबांचं नाव लोटन. एवढं तर लिंबावरच्या कावळ्यालाही माहीत असेल.

"माझा भाऊ," बेबाबाई म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. "धाकटा. लहानपणीच गेला."

"मामा दोनच ना?" लता म्हणाली. "जीवराममामा अन् तोताराममामा."

"तिसरा होता." बेबाबाईने हात ओढून घेतला. बांगड्या खळकन जागेवर आल्या.

गफूरभाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं. त्या लिंबाखाली त्यांनी पुष्कळ नवरे, पुष्कळ भाऊ अन् पुष्कळ वारस टाइप केले होते. 'डाव्या हातावर झुलाल असे गोंदलेले' हे त्यांनी इंग्रजीत ठोकलं अन् कागद रतिलालच्या हाती दिला.

झुलाल तिचा भाऊ नव्हता. झुलाल तिचा पहिला नवरा होता.

बेबाबाई मूळची तिकडची, नरडाण्याच्या बाजूची, धुळे जिल्ह्यातली. तेराव्या वर्षी तिचं झुलालशी लग्न झालं. तो सतराचा. लाजाळू, उंच, हसताना तोंडापुढे हात धरणारा. लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेत त्याने तिच्या हातावर आपलं नाव गोंदवून घेतलं अन् सुई टोचत असताना ती रडायला लागली तशी याच्याच डोळ्यांत पाणी आलं. घरात सात वर्षांचा दीर होता, सुपडू. त्याच्या डोक्यातल्या उवा काढणं अन् त्याला गोष्टी सांगणं हा तिचा संसार.

तीन वर्षांनी झुलालला खोकला लागला. मग खोकल्यातून रक्त. त्याला धुळ्याच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवलं. बेबाबाईचा बाप तिला न्यायला आला तेव्हा ती झुलालच्या खाटेपाशी गेली अन् म्हणाली, "पंधरा दिवसांत येते." झुलाल म्हणाला, "ये." बापाने तिला माहेरी नेलं, पंच घेऊन दवाखान्यात गेला, आजारी माणसाचा अंगठा घेऊन फारकत लिहून आणली. वर्षभरात तिचा पाट इकडे जामनेरकडे, लोटनशी लावून दिला. एकदा लग्न झालेल्या बाईचं दुसरं लग्न, त्याला पाट म्हणतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपल्यात चालतं. पण बापाने लोटनच्या घरच्यांना सांगितलं होतं की पहिला नवरा मेला.

तो मेला नव्हता. पुढे अकरा वर्षं जगला. मेल्याची बातमी तिला एका लग्नात कळली, पंगतीत वरण वाढताना. तिने ती पंगत पुरी वाढली.

लोटनला विधवा मिळाली असं लोटन समजत होता. अन् बेबाबाईने त्याचा तो समज कधी दूर केला नाही. इकडे आली तेव्हा तिच्या बोलण्यात 'आहे'च्या जागी तिकडचं 'शे' यायचं, तर जावा तिला 'शेबाई' म्हणून चिडवायच्या. सहा महिन्यांत तिने ती बोलीही टाकली. माणूस टाकला होता, मग बोली टाकायला काय लागतं?

कागद मुंबईला गेला. भादवा आला अन् भादव्यात पित्तर. लताने खीर, पुऱ्या, कढी, वडे, सगळं रांधलं. सासऱ्यांच्या बापाचा घास ठेवला, आजाचा ठेवला, आजीचा ठेवला, अन् मग एक पान जास्तीचं मांडलं.

"हे कुणाचं व?" बेबाबाईने विचारलं.

"झुलालमामांचं," लता म्हणाली. "तुम्ही मनातल्या मनात एवढी वर्षं धरून ठेवलं, आत्याबाई. लहान पोर गेलेलं, त्याला कोणी पाणी दिलं नसेल. मी म्हटलं, या वर्षीपासून आपण देऊ."

सून अशी चांगली असली की तिच्यावर रागावताही येत नाही. बेबाबाई चुलीकडे तोंड करून बसली. ज्या माणसाला जिवंतपणी तिने पंधरा दिवसांचा शब्द दिला अन् पेलाभर पाणी दिलं नाही, त्याला तिची सून भाऊ करून खीर वाढत होती. अन् कावळा, मेला, पहिला त्याच पानावर उतरला.

लोटनआबा पाटावर बसला होता. त्याने ते पान पाहिलं, लताकडे पाहिलं अन् मग बेबाबाईकडे. हातावरचं नाव त्याला पाटाच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मेलेल्या माणसाचं नाव, त्यावर कशाला बोलायचं, म्हणून तो बोलला नव्हता. एक वडा जास्त खाल्ला अन् उठला.

त्यानंतरच्या आठवड्यात बेबाबाई एकटीच जामनेरच्या बाजाराला गेली. बाजाराच्या कडेला एक बाई पेटी अन् मशीन घेऊन गोंदायला बसायची. बेबाबाईने बांगड्या सारल्या अन् हात पुढे केला.

"याच्यावर तुळस काढ. पानं दाट काढ."

त्या बाईने अंगठ्याने अक्षरं चोळून पाहिली. "नवरा मेला का बाई?"

"नाही."

"मग नाव का झाकते?"

"तू काढ ना व."

"काढते. पण जुनी शाई खोल असते. वरून कितीही पानं काढली तरी उन्हात धरला तर दिसेल."

"मी कशाला उन्हात धरू?"

गोंदताना या खेपेला ती रडली नाही. कुणी शेजारी बसून डोळे पुसायलाही नव्हतं. हात चार दिवस सुजला. लताला तिने सांगितलं, काटा लागला.

झाकायच्या घाईत माणसाला पुढचं कुठं सुचतं? कागद पुढे गेला आहे अन् कागदात त्या हाताची खूण आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सरकारला सांगितलेली एकमेव खूण तिने बाजारात बसून पुसून टाकली होती.

आठच दिवसांनी हवालदार भिकन सायकलवरून आला. तातडीचा शेरा होता ना. अंगणात खाट टाकली, चहा झाला, शेजारचे दोघं साक्षीला येऊन बसले. रतिलालची सुट्टी होती, लोटनआबा बागेतून हात धुऊन आला. सगळं ठीक चाललं होतं. भिकन हवालदार मान डोलवत लिहीत होता, "वास्तव्य बरोबर, वय बरोबर, गुन्हा नाही. एकदा कोंबडी चोरली असेल तर आत्ताच सांगा, अक्का." सगळे हसले. "आता ती खूण दाखवा. डाव्या हातावर नाव आहे म्हणे."

बेबाबाईने पदर हातावर ओढून घेतला.

"माय, दाखव ना," रतिलाल म्हणाला.

लतानेच पुन्हा बांगड्या सारल्या. हिरवीगार तुळस, वृंदावनासकट. कडेची कातडी अजून लाल होती.

हवालदाराने कागद पाहिला, हात पाहिला, परत कागद पाहिला. "इथं नाव कुठं आहे? ही तर तुळस आहे."

"अगं बाई!" लता म्हणाली. "काटा नव्हता तो."

"हे बघा," भिकन हवालदार आता हसत नव्हता, "मला खूण जुळत नाही असं लिहावं लागेल. मुंबईला कागद अडकेल. अर्जातली बाई वेगळी अन् समोरची वेगळी, असा अर्थ होतो त्याचा."

"साहेब, नाव होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलंय," रतिलाल म्हणाला. "मामाचं नाव होतं. माय, तू का झाकलं? असं कोण करतं?"

बेबाबाईच्या डोळ्यांपुढे कुंदा आली, मसकतच्या खोलीत खाटेवर एकटी. अन् तोंडातून जे निघालं ते निघताना इकडच्या बोलीत निघालं नाही. बत्तीस वर्षांपूर्वी टाकलेल्या बोलीत निघालं.

"तो मना भाऊ नही. मना पहिला नवरा व्हता."

शेजाऱ्यांनी चहाच्या बशा खाली ठेवल्या. लोटनआबा मात्र शांतपणे म्हणाला, "लिहा हवालदार. पाटाची बायको आहे. पहिला नवरा वारला, मग माझ्याशी पाट लागला. मला माहीत आहे. त्यात चोरी काय?"

भिकन हवालदाराला हायसं वाटलं. पेन झटकून त्याने विचारलं, "पहिला नवरा वारल्यावर पाट. बरोबर ना अक्का?"

एवढं एक 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर कागद त्या दिवशीच पुढे गेला असता. पण बेबाबाईच्या डोळ्यांपुढून ते जास्तीचं पान अन् त्यावरचा कावळा जाईना. या माणसाला ती एकदा दवाखान्यात टाकून आली होती, एकदा बापाच्या तोंडून मारून टाकलं होतं, एकदा भाऊ केलं होतं, एकदा तुळशीखाली पुरलं होतं. आता पाचव्यांदा काय करायचं राहिलं होतं?

"नाही," ती म्हणाली. "तो जिवंत होता. धुळ्याच्या दवाखान्यात होता. मी पंधरा दिवसांत येते म्हणून आले अन् गेले नाही. फारकत झाली होती, अंगठा घेऊन. पुढे अकरा वर्षं जगला तो."

"हे मला ऐकायला नको होतं, अक्का," हवालदार हळूच म्हणाला. "आता ऐकलं तर लिहावं लागेल. अन् लिहिलं तर तिकडची चौकशी लागेल. कागद धुळ्याकडे जाईल."

लोटनआबा खाटेवरून उठला. चप्पल पायात घालायला त्याला बराच वेळ लागला. "मेला म्हणून सांगितलं होतं मला," तो म्हणाला. कुणाकडे पाहून नाही, खुंटीकडे पाहून. अन् बागेकडे निघून गेला.

बेबाबाईने जबाबाखाली सही केली. दुसरीपर्यंत शाळा झाली होती, तेवढ्या अक्षरांची सही.

मग दिवस कसे गेले ते विचारू नये. लोटनआबा जेवायचा, 'मीठ दे' म्हणायचा, बाकी नाही. रतिलाल कागदाच्या मागे पळायचा अन् घरी आल्यावर आईकडे न बघता लताशी बोलायचा. लतानेच एकदा जवळ बसून विचारलं, "आत्याबाई, पित्तराला मी चुकीचं पान ठेवलं का हो?" बेबाबाई म्हणाली, "पान बरोबर होतं. नातं चुकीचं होतं." दिवाळी आली, पणत्या लागल्या, कागद आला नाही.

पाडव्यानंतर भिकन हवालदार पुन्हा आला. या खेपेला चहासुद्धा न घेता उभ्याउभ्याच बोलला. "धुळ्याकडचा अहवाल आला. तिकडे कोणी सुपडू म्हणून आहे, झुलालचा धाकटा भाऊ. त्याचा जबाब घेतला." त्याने खिशातली नोंदवही काढून वाचलं, "सदर बाई आमची वहिनी होती. वर्तणूक चांगली. तक्रार काही नाही." वही बंद करून तो म्हणाला, "अन् तिकडच्या शिपायाने निरोप आणलाय, तो काही लिहिण्यातला नाही. सुपडूने विचारलं म्हणे, 'वहिनी बरी शे ना?'"

कोणी शिव्या दिल्या असत्या तर बेबाबाईने पदरात घेतल्या असत्या. ती त्याच तयारीत होती. पण उवा काढलेल्या त्या पोराने चाळीस वर्षांचा होऊन तिच्या चांगुलपणाला साक्ष द्यावी, हे तिला सोसेना. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

लोटनआबा ओट्यावर दोरी वळत होता. हात थांबवून म्हणाला, "त्यांनी चांगली म्हटलं तर मी कशाला वेगळं म्हणू?" अन् दोरीला पीळ द्यायला लागला. त्या बोलण्याने तिची लाज कमी झाली नाही. उलट आता ती लाज दोन घरांची झाली.

पासपोर्ट आला तेव्हा कुंदाची तारीख आठ दिवसांवर होती. व्हिसा, तिकीट, मुंबई, यात आणखी दिवस गेले. बेबाबाई विमानात बसली त्याच्या पाच दिवस आधी मसकतहून तार आली होती, मुलगी झाली, दोघी सुखरूप. सगळे म्हणाले, चांगलं झालं. झालंच चांगलं. पण तिच्या पोरीने कळा सोसल्या त्या वेळी तिचा हात धरायला कुणी नर्स होती, जिची भाषासुद्धा कुंदाला येत नव्हती.

कुंदा वाळली होती. आईच्या गळ्यात पडून आधी रडली, मग रुसली. "एवढा उशीर, माय! मी रोज दाराकडे बघायची. शेवटी तर वाटलं, तू येतच नाहीस. दादाने लिहिलं, सरकारी काम, असंच चालतं. जळो ते सरकार."

सरकार बिचारं काही बोलायला तिथं नव्हतं. त्याच्यावर ढकललं असतं तरी कोण विचारणार होतं? बेबाबाईने नातीला मांडीवर घेतलं, तेलाची वाटी ओढली, अन् हाताला तेल लागेल म्हणून बांगड्या काढून उशाशी ठेवल्या.

"सरकारने नाही उशीर केला," ती म्हणाली. "मी केला."

खिडकीतून तिकडचं ऊन पडलं होतं, पांढरं, लखलखीत. कुंदाचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं.

"हे कधी गोंदलं माय? तुळस?"

"तुळस वरची. खाली बघ."

कुंदा जवळ सरकली. पानांच्या मधून जुनी शाई दिसत होती, गोंदणारी म्हणाली होती तशीच. कुंदाने त्यावर बोट ठेवलं अन् एकेक अक्षर जुळवत वाचलं. मग मान वर करून विचारलं, "हे कोण?"

बेबाबाईने या खेपेला हात ओढून घेतला नाही.